उरलेला अर्धा

मशीन सुरू करण्याआधी मी विचारतो, कुठला दगड?
पोरं सांगतात अँडेसाइट, डॅसाइट, ग्रॅनोडायोराइट.
तसं नाही रे. कुठून उचललास? वारा होता का?
हसतात. एलेउतेरिओ म्हातारा झाला म्हणतात,
पिशवी टेबलावर टाकून वर लेक्चरला पळतात.

एकतीस वर्षं मी या तळघरात दगड कापतोय.
वर आन्तोफागास्ताचं विद्यापीठ,
झरोक्यातून समुद्र दिसतो
चार बोटं.
हिऱ्याच्या दात्यांची चकती, काचपट्टी, गोंद,
मग सहाशे नंबरची पावडर, पाणी, मनगट.
तीस मायक्रॉन. डोक्याच्या केसाच्या अर्ध्याहून बारीक.
क्वार्ट्झ पिवळा दिसला तर काप अजून जाड,
राखाडी झाला की हात काढ.
आणखी एक घासा दिलास तर उरते
नुसती काच आणि तिच्यावर तुझं नाव.

काळ्या दगडावरची रेघ म्हणतात लोक.
तसल्या रेघा मी चहा गार व्हायच्या आत घालवतो.

कापलेल्यातला अर्धा प्रबंधात जातो,
उरलेला अर्धा माझ्या खणात.
बाल्तासार: तांब्याच्या शिरा. आता खाणीवर,
सात दिवस वर, सात दिवस खाली.
नायादेत: ज्वालामुखीची राख. विमा कंपनीत आहे,
भूकंपाचे दर ठरवते.
ओस्वाल्दो चौथ्या सत्रात सोडून गेला.
त्याचा दगड सगळ्यांत चांगला होता.

नोव्हेंबरात कंपन्या येतात, पटांगणात तंबू ठोकतात.
पिवळी हेल्मेटं फुकट, पेनं फुकट,
पगाराचा आकडा कागदाच्या तळाशी, बारीक टायपात.
तो मात्र कुणालाही
मायक्रोस्कोपशिवाय वाचता येतो.

यारित्सा मीठ घेऊन आली होती.
मिठाला पाणी चालत नाही,
पाण्यानं कापलं तर साक्षीदारच विरघळतो.
म्हणून रॉकेल.
तीन दिवस तळघराला स्टोव्हचा वास,
वरून डीनबाईंची चिठ्ठी.
तिच्या गावचा झरा मिठागराच्या काठाला,
दरवर्षी वीतभर मागे सरतोय.
कोण पितंय ते तिला थरांतून वाचायचं होतं.

एकाच आठवड्यात दोन पत्रं आली.
जर्मनीहून: जागा आहे, पैसे नाहीत.
लिथियमच्या कंपनीकडून: पैसे आहेत,
आणि जागा, गंमत बघा, पाणी विभागात.
दोन्ही माझ्या टेबलावर पसरून म्हणाली, काय करू?
मी म्हणालो, मी दगड कापतो, पोरी.

हे उत्तर नव्हतं.
धाकट्या भावाची फी होती, वडिलांचे गुडघे होते,
पहाटे पाचची कंपनीची बस होती.
तिचा अर्धा मी खणात ठेवला,
मीठ दमट हवेत सुटतं
म्हणून बिस्किटांच्या डब्यात, तांदळाबरोबर.

परवा ती आली, सुट्टीच्या आठवड्यात.
चेहरा रापलेला, कंपनीचं जाकीट उलटं घातलेलं.
डब्याच्या चांदीच्या कागदात गुंडाळलेला खडा पुढे केला.
झरा होता तिथला, म्हणाली.
होता.
रजिस्टरात लिहू नका.
मी लिहिलं. नाव लिहिलं,
प्रकल्पाचा रकाना मोकळा सोडला.

पुन्हा रॉकेल, पुन्हा वास.
या वेळी चिठ्ठी आली नाही, डीनबाई निवृत्त झाल्यात.
काप भिंगाखाली धरला. दोन्ही पोलरायझर लावले
की मीठ काळंच, कितीही फिरवा.
एक काढला. साध्या उजेडात
मिठाच्या पोटात चौकोनी खोल्या, खोल्यांत पाणी,
कुणी मोजायला लागायच्या आधीचं.
एका खोलीत बुडबुडा.

यारित्सा, म्हटलं, इकडे ये.
दिवा जरा जवळ घेतला
आणि तो हलला.